पंधरा मिनिटे उघडे राहिलेले दार

मोबाइलवरील खेळात एखाद्या मुलाने आईवडिलांच्या खात्यातून हजारो, क्वचित लाखो रुपये खर्च केल्याची बातमी आली, की आपण मुलाच्या हट्टाला किंवा पालकांच्या दुर्लक्षाला दोष देतो. या प्रश्नाचा इतिहास पाहिला, तर वेगळाच प्रश्न पुढे येतो. वस्तू हवीशी वाटणे आणि तिचे पैसे देणे यांच्यामध्ये पूर्वी एक अडसर असे. तो कोणी आणि केव्हा काढला?

जून २००९ मध्ये ॲपलने आयफोनवर ॲपच्या आतूनच खरेदी करण्याची सोय आणली. आरंभी ती विकतच्या ॲपांपुरती होती. ऑक्टोबरमध्ये मोफत ॲपांनाही मिळाली आणि खेळांचे अर्थकारणच पालटले. खेळ फुकट मिळू लागला आणि विक्री सुरू झाली ती त्यातील नाण्यांची, रत्नांची आणि फळांची.

यात एक बारीक तांत्रिक तपशील होता. ॲप उतरवून घेताना पासवर्ड टाकला, की पुढील पंधरा मिनिटे तो पुन्हा विचारला जात नसे. तेवढ्यात फोन मुलाच्या हाती गेला, तर दार उघडेच राही. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील आठ वर्षांच्या एका मुलीने ‘स्मर्फ्स व्हिलेज’ या खेळात सुमारे १,४०० डॉलर खर्च केल्याचे वृत्त फेब्रुवारी २०११ मध्ये गाजले. पुढच्याच महिन्यात ॲपलने खेळातील खरेदीसाठी स्वतंत्रपणे पासवर्ड विचारण्यास सुरुवात केली. परंतु तो टाकल्यावर पुन्हा पंधरा मिनिटांची मुभा मिळतच राहिली. अखेर जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत ॲपलने ग्राहकांना किमान ३.२५ कोटी डॉलर परत करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी गूगलने किमान १.९ कोटी डॉलर परत करण्याचे कबूल केले.

भारतात मात्र त्याच २००९ च्या ऑगस्टपासून रिझर्व्ह बँकेने कार्डाने होणाऱ्या देशांतर्गत ऑनलाइन व्यवहारांसाठी ओळख पटवण्याची दुसरी पायरी सक्तीची केली. पुढे ‘ओटीपी’ घरोघरी परिचयाचा झाला. तिकडे अडसर निघत होता, तेव्हा इकडे तो बसवला जात होता.

तरीही या अडसरामागे एक गृहीतक होते: ज्याचे खाते, त्याच्याच हाती फोन. ओटीपी माणसाला ओळखत नाही. तो फोन ओळखतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर आली आणि हे गृहीतक कोसळले. त्या जुलैमध्ये पंजाबमधील सतरा वर्षांच्या मुलाने ‘पब्जी’वर सुमारे सोळा लाख रुपये खर्च केल्याचे वृत्त आले. फोन अभ्यासासाठी म्हणून त्याच्याकडे असे आणि बँकेचे संदेश तो पुसून टाकत असे, असे त्यात म्हटले होते. कुलूप आणि किल्ली एकाच हाती होती.

१० डिसेंबर २०२१ रोजी शिक्षण मंत्रालयाने पालक व शिक्षकांसाठी सूचना काढल्या: संमतीशिवाय खरेदी होऊ देऊ नये, ॲपमध्ये कार्ड नोंदवून ठेवू नये, प्रत्येक व्यवहाराला कमाल मर्यादा घालावी. सूचना उपयुक्त आहेत, पण भार पालकांवरच राहतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा प्रकारच्या रचनांना मनाई केली, तेव्हा दोषाचा रोख प्रथमच रचनेकडे वळला.

आपल्या कायद्याला मूल आणि प्रौढ यांतील भेद जुना आहे. १८७२ च्या करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्ती करारास सक्षम नाही. मोहोरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने अल्पवयीनाचा करार मुळातच निरर्थक ठरवला. समोर कोण आहे, हे कायदा आधी पाहतो. पैसे घेणारी यंत्रणा मात्र केवळ अंक जुळतात का, हे पाहते. मुलाची खासगी माहिती न गोळा करता हे अंतर कसे मिटवावे, हा आज संगणकशास्त्रापुढचा खरा प्रश्न आहे. तो सुटेपर्यंत निदान बँकेचे संदेश मुलाच्या हाती नसलेल्या फोनवर यावेत, एवढे आपण आजच करू शकतो.