पडद्यामागचं मत

मध्य प्रदेशातल्या उकव्याच्या खदानीवर माझी आजी मॅंगनीजचे दगड निवडायची. राहतं घर खदानीचं, मजुरी खदानीची, हजेरी मुकादमाच्या वहीत. अशा वस्तीत मत गुप्त असणं किती मोठी गोष्ट आहे, हे मला तिच्यामुळे उमगलं.

मत गुप्त नसलं की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. तिथे एकोणिसाव्या शतकात मतपत्रिका पक्षच छापत. मतदार ती हातात घेऊन सगळ्यांदेखत पेटीत टाकी. पैसे देणाऱ्याला माल पोचला की नाही ते उभ्या जागी दिसे. 1888 च्या अध्यक्षीय निवडणुकीत इंडियाना राज्यात रिपब्लिकन पक्षाचे खजिनदार डब्ल्यू. डब्ल्यू. डडली यांचं एक पत्र उजेडात आलं: विकाऊ मतदारांचे पाच-पाचांचे गट करा आणि प्रत्येक गटावर पैसे देऊन एक भरवशाचा माणूस नेमा. त्याच पक्षाचे उमेदवार बेंजामिन हॅरिसन यांनी आपलं हे राज्य अडीच हजारांच्या आतल्या फरकानं जिंकलं. पुढच्याच वर्षी इंडियानानं सरकारी, गुप्त मतपत्रिकेचा कायदा केला. गरिबाचं मत असं उघड्यावर विकत घेतलं जायचं, याची मला चीड येते.

आमच्याकडे गुप्तता पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीपासून होती. पण मत द्यायला आधी मतदारयादीत नाव लागायला हवं होतं. परक्या माणसाला बाई नाव कसं सांगणार? कित्येकींनी ‘अमक्याची बायको’ एवढंच लिहवलं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मानल्या नाहीत. देशभरात सुमारे 28 लाख बायका यादीबाहेर राहिल्या, त्यांत आपल्या मध्य प्रदेशातल्याही होत्या. आजीनं स्वतःचं नाव सांगितलं. त्याचा मला अभिमान आहे.

पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं वडाचं झाड. चिन्ह ओळखायचं आणि कोरी चिठ्ठी आत सोडायची. अक्षर लागत नव्हतं. मुकादम बाहेर. तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर, म्हणून उकव्याचं मत नागपूरच्या विधानसभेत पोचायचं. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर ते भोपाळला जाऊ लागलं.

एक फट मात्र राहिली होती. कोरी चिठ्ठी पेटीत न टाकता लपवून बाहेर आणता येई, आणि बाहेर तिचा सौदा होई. म्हणून सगळ्या उमेदवारांची पेटी एकच झाली आणि चिन्हावर शिक्का मारायची रीत आली. तो शिक्का मारायलाही आजी शिकली.