पहिला नंबर कोण ठरवतो?



या व्यासपीठावर विद्वान माणसे बोलतात. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, पाळी सुटल्यावर, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा कामगारांत वावरणारा हा मनुष्य ब्रिटनमधल्या लोकप्रिय गाण्यांवर काय बोलणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. ते वाटणे रास्तच आहे. म्हणून आधी या विषयाशी माझी गाठ कशी पडली ते सांगतो.

गिरणगावात आमच्या चाळीत एक गोवेकर व्हायोलिनवादक राहत. हिंदी चित्रपटांच्या गाण्यांत ते वाजवीत. पण तबकडीवर त्यांचे नाव कधी छापले गेले नाही. त्यांच्याकडे चोरबाजारातून आणलेल्या इंग्रजी तबकड्या होत्या. एखादी लावली की ते अभिमानाने सांगत, "हे नंबर एकचे गाणे." मी एकदा विचारले, "अंकल, हा नंबर कोण देतो?" ते म्हणाले, "कोण म्हणजे? लंडनवाले देतात रे पुता." एवढ्यावर माझे समाधान झाले नाही. पुढे युनियनच्या कामात सभासद मोजण्याची, वर्गणीच्या पावत्या मोजण्याची, गेटसभेत वर झालेले हात मोजण्याची वेळ आली, आणि मोजणी कोणाच्या हातात आहे यावर किती अवलंबून असते हे कळले. तेव्हा तो जुना प्रश्न पुन्हा डोक्यात आला. लंडनवाले म्हणजे नेमके कोण? आणि नंबर लागला की त्याचा लाभ कोणाला होतो? आजचे व्याख्यान या दोन प्रश्नांपुरतेच आहे.

पूर्वी ब्रिटनमध्ये गाण्याची लोकप्रियता छापील स्वरलिपीच्या खपावरून ठरत असे. घरोघर पियानो होते. लोक कागद विकत आणून स्वतः वाजवीत, गात. पुढे तबकड्यांचा खप वाढला. १९५२ साली 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकात जाहिरातींचे काम पाहणारे पर्सी डिकिन्स यांनी एक युक्ती काढली. त्यांनी वीसेक दुकानदारांना टेलिफोन करून त्या आठवड्यात कोणत्या तबकड्या जास्त खपल्या हे विचारले, उत्तरांची बेरीज केली, आणि १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकात यादी छापली. यादी बारा क्रमांकांची. पण काही क्रमांकांवर बरोबरी झाल्यामुळे तबकड्या भरल्या पंधरा. पहिला नंबर लागला अमेरिकन गायक अल मार्टिनो यांच्या 'हिअर इन माय हार्ट' या गाण्याचा, आणि तो नऊ आठवडे टिकला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ही यादी संगीताच्या कोणा अधिकाऱ्याने काढली नव्हती. साप्ताहिकाला तबकडी कंपन्यांच्या जाहिराती मिळाव्यात, हा तिचा उद्देश होता. यात लबाडी होती असे मी म्हणत नाही. पण ज्या यादीला पुढे अवघा देश प्रमाण मानू लागला, तिचा जन्म जाहिरात खात्याच्या टेबलावर झाला, हे खरे.

एकाने यादी काढली की दुसरा मागे कसा राहील? लवकरच प्रत्येक साप्ताहिकाची यादी वेगळी निघू लागली. काय चमत्कार पाहा. १९६३ च्या आरंभी बीटल्स या चौघा तरुणांचे 'प्लीज प्लीज मी' हे गाणे 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' आणि 'मेलडी मेकर' या दोन्ही साप्ताहिकांत पहिले आले. 'रेकॉर्ड रिटेलर' या व्यापारी पत्राच्या यादीत मात्र ते दुसरेच राहिले. तेथे फ्रँक आयफिल्ड यांचे गाणे पहिले होते. 'रेकॉर्ड रिटेलर' तर इतरांपेक्षा कमी दुकानांत विचारपूस करीत असे. तरीही पुढे अधिकृत इतिहास लिहिताना १९६० नंतरच्या काळासाठी त्याचीच यादी ग्राह्य धरली गेली. म्हणून आजच्या पुस्तकांत ते गाणे दुसऱ्या क्रमांकावर आहे. त्या वेळी ते पहिले म्हणून नाचलेली हजारो पोरे हयातीत असतानाच कागदावर त्यांचा निकाल फिरला! आमच्याकडे दोन युनियनांचे दोन सभासद-आकडे असतात आणि सरकारदरबारी एकच मान्य होतो, त्याची मला येथे आठवण होते.

१९६९ साली बीबीसी आणि 'रेकॉर्ड रिटेलर' यांनी मिळून एका बाजार-संशोधन संस्थेकडे हे काम सोपवले. शेकडो दुकानांनी विक्रीची वही भरून टपालाने पाठवायची, असे ठरले. सारे काही शास्त्रीय झाले असे वाटले. पण जानेवारी १९७१ मध्ये ब्रिटनच्या टपाल कामगारांनी पगारवाढीसाठी संप पुकारला. सुमारे दोन लाख कामगार सत्तेचाळीस दिवस बाहेर होते. पत्रे थांबली, आणि त्यांच्याबरोबर गाण्यांच्या वह्याही थांबल्या. विक्रीचे आकडे हस्ते-परहस्ते गोळा करावे लागले. जॉर्ज हॅरिसन यांचे 'माय स्वीट लॉर्ड' त्या दिवसांत पहिल्या नंबरावर होते. त्यांच्या गाण्याचा नंबर आपल्या पिशवीतून जातो, हे पोस्टमनला एरवी कोणी सांगितले नसते. संपामुळे मागण्या पुरेशा मान्य झाल्या नाहीत. पण कोणाच्या श्रमावर काय उभे असते, हे मात्र दिसले.

मोजणीवर संशयही आले. १९७७ साली राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना सेक्स पिस्टल्स या तरुणांच्या चमूने राष्ट्रगीताचेच नाव घेऊन राजघराण्यावर झोड उठवणारे गाणे काढले. बीबीसीने ते लावण्यास नकार दिला. काही दुकानदारांनी विकण्यास नकार दिला. उत्सवाच्या आठवड्यात ते दुसऱ्या क्रमांकावर आले. पहिल्यावर रॉड स्ट्यूअर्ट होते. हे घडवून आणले, असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. तो सिद्ध झालेला नाही, म्हणून मीही तो करीत नाही. परंतु काही दुकानांत टांगलेल्या याद्यांवर गाण्याच्या नावाची जागा कोरी ठेवली होती, ही गोष्ट नोंदलेली आहे. पुढे १९८० साली दूरचित्रवाणीच्या एका शोधक कार्यक्रमाने, वह्या भरणाऱ्या दुकानदारांना कंपन्यांची माणसे लालूच दाखवतात, हे उघड केले. १९८३ पासून मोजणी गॅलप संस्थेकडे गेली आणि दुकानांत यंत्रे बसली.

ही झाली मोजणाऱ्यांची हकीकत. आता गाण्यांकडे वळू. या याद्यांत प्रेमगीतांचाच सुकाळ असतो. पण मधूनच कामगाराचे घामेजलेले अंग त्यात डोकावते. जानेवारी १९५६ मध्ये टेनेसी अर्नी फोर्ड यांचे 'सिक्स्टीन टन्स' ब्रिटनमध्ये पहिले आले. ते रचले होते मर्ल ट्रॅव्हिस यांनी. त्यांचे वडील केंटकीत कोळशाच्या खाणीत काम करीत. तेथील अनेक खाणमालक पगार रोकड न देता स्वतःच्या चिठ्ठ्यांत देत. त्या चिठ्ठ्या मालकाच्याच दुकानात चालत. म्हणजे कोळसा मालकाचा, दुकान मालकाचे, आणि महिनाअखेर कर्ज तेवढे कामगाराचे. ज्याच्या घरी दुकानदाराची उधारी-वही कधी कोरी झाली नाही, त्याला या गाण्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १९६० साली लॉनी डॉनेगन यांनी कचरा उचलणाऱ्या बापावर विनोदी गाणे गायले, आणि ते पहिल्याच आठवड्यात थेट पहिल्या क्रमांकावर आले. १९७३ साली स्ट्रॉब्ज या चमूचे युनियनच्या सभासदाचे गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. ते युनियनच्या बाजूचे की टिंगलीचे, यावर आजही वाद आहे. पण कामगारांनी ते आपले म्हणून उचलले आणि सभांतून गायले.

१९८१ च्या जुलैत पहिले आलेले 'घोस्ट टाउन' हे गाणे मला विशेष वाटते. ते गाणारा 'स्पेशल्स' हा चमू मोटारींच्या कारखान्यांच्या कॉव्हेंट्री शहरातला. काळे आणि गोरे तरुण त्यात एकत्र होते. देशात बेकारांची संख्या पंचवीस लाखांच्या पुढे गेली होती. गाणे पहिल्या नंबरावर होते त्याच दिवसांत इंग्लंडच्या शहरांत दंगली पेटल्या होत्या. त्या ओसाड शहराचे वर्णन मी ऐकतो तेव्हा मला परळ-लालबागच्या बंद भोंग्यांची आठवण येते. दोन्हींची कारणे वेगळी आहेत हे मी जाणतो. पण बंद गेटासमोर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा दोन्हीकडे सारखाच असतो.

आणि १९८३ च्या नाताळात पहिल्या आलेल्या चमूचे तर नावच 'फ्लाइंग पिकेट्स'. संपकाळात एका गेटावरून दुसऱ्या गेटावर धावून जाणाऱ्या निदर्शकांना तेथे हे नाव आहे. १९७२ च्या खाणकामगारांच्या संपात ते गाजले. हे गायक मूळचे श्रमिकांची नाटके करणाऱ्या मंडळीतले नट. वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यावर गाऊन त्यांनी पाच आठवडे पहिला नंबर राखला, आणि पुढच्याच वर्षी खाणकामगारांचा मोठा संप झाला तेव्हा ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

आता दुसरा प्रश्न : लाभ कोणाला? क्लेम कॅटिनी हे नाव आपण ऐकले नसेल. ब्रिटनमध्येही सामान्य श्रोत्याला ते ठाऊक नाही. हे ढोलवादक चाळीसहून अधिक पहिल्या नंबराच्या गाण्यांत वाजले आहेत. गायकाचे नाव तबकडीवर. यांना मिळाली ठरलेली हजेरी. त्यांच्याच 'टॉर्नेडोज' या चमूचे 'टेलस्टार' १९६२ साली ब्रिटनमध्ये आणि मग अमेरिकेतही पहिले आले. ते रचणारे जो मीक लंडनच्या हॉलोवे रोडवर चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरील खोल्यांत ध्वनिमुद्रण करीत. एका फ्रेंच संगीतकाराने चाल चोरल्याचा दावा लावला, आणि मानधन अडकून पडले. फेब्रुवारी १९६७ मध्ये मीक यांचा हलाखीत अंत झाला. त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी निकाल त्यांच्या बाजूने लागला. लेबर कोर्टात तारखा मोजता मोजता मेलेली माणसे मी पाहिली आहेत. म्हणून ही हकीकत मला परदेशातली वाटत नाही.

१९६७ साली सहा आठवडे पहिल्या राहिलेल्या 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' या गाण्याची ओळख ऑर्गनच्या सुरावटीवरून पटते. ती वाजवणारे मॅथ्यू फिशर यांचे नाव रचनाकारांत नव्हते. त्यांनी २००५ साली दावा केला. २००६ साली संगीतातील चाळीस टक्के वाटा मिळाला. २००८ साली वरच्या न्यायालयाने, फार उशीर केला म्हणून, पैशाचा हक्क नाकारला. २००९ साली लॉर्ड्सच्या न्यायपीठाने तो परत दिला. बेचाळीस वर्षांनी!

१९७९ च्या नाताळात पिंक फ्लॉइडच्या पहिल्या आलेल्या गाण्यात लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली २३ मुले गायली. शाळेला एक हजार पौंड मिळाले. मुलांच्या हाती मानधन पडले नाही. १९९६ साली तेथील कायदा बदलला, वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांना प्रक्षेपणातून वाटा मिळू लागला, आणि २००४ साली मोठी झालेली ती मुले आपला हक्क मागायला पुढे आली.

हा वाटा आपोआप मिळाला नाही. ब्रिटनमधल्या वादकांची युनियन जुनी आणि चिवट. रेडिओवर तबकड्या किती तास वाजवायच्या यावर तिने अनेक वर्षे मर्यादा टिकवली, कारण तबकडी वाजली की जिवंत वादकाची रोजी जाते. १९८० साली बीबीसीने काटकसरीसाठी पाच वाद्यवृंद बंद करण्याचे ठरवले तेव्हा युनियनने संप केला. पहिल्या नंबराची गाणी दाखवणारा 'टॉप ऑफ द पॉप्स' हा लोकप्रिय कार्यक्रम सुमारे दोन महिने बंद राहिला. स्कॉटलंडचा सिम्फनी वाद्यवृंद वाचला. सगळे वाचले नाहीत.

आपल्या मातीचा धागाही या यादीत आहे. पन्नासच्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत प्रत्येक दशकात पहिला नंबर मिळवणारे क्लिफ रिचर्ड लखनौचे जन्मलेले. १९७५ आणि १९९१ अशा दोन नाताळांत ज्यांचे एकच गाणे पहिले आले, त्या क्वीन चमूचे फ्रेडी मर्क्युरी पारशी. शिकले आपल्या पाचगणीला. आणि १९९८ च्या फेब्रुवारीत कॉर्नरशॉप या चमूचे जे गाणे पहिले आले, ते आपल्या आशा भोसले यांच्या गौरवाचे. आदल्या वर्षी ते साठाव्या क्रमांकावर थांबले होते. नॉर्मन कुक यांनी नवा ठेका दिल्यावर वर चढले. इंग्लंडात वाढलेला एक पंजाबी तरुण सांगलीकडच्या गायिकेचे नाव घेतो, आणि ब्रिटनचे लोक ते गुणगुणतात! मला आनंद याचा, की पडद्यावर दिसणाऱ्या नटीचे नव्हे, पडद्यामागे गाणारीचे नाव त्या गाण्याने घेतले.

आता तबकड्यांची दुकाने विरळ झाली. २०१४ साली ब्रिटनच्या यादीत इंटरनेटवरून नुसते ऐकणेही मोजले जाऊ लागले. शंभर वेळा ऐकणे म्हणजे एक विक्री, असा भाव ठरला. २०१७ साली एड शीरन यांच्या एकाच संचातली सोळा गाणी पहिल्या विसांत आली, तेव्हा एका कलावंताची तीनच गाणी धरायची, असा नियम झाला. २०१८ मध्ये पैसे भरून ऐकणाऱ्याचे शंभर आणि फुकट ऐकणाऱ्याचे सहाशे वेळा ऐकणे एका विक्रीबरोबर धरले गेले. म्हणजे कानाचीही वर्गवारी झाली.

तेव्हा त्या लहानपणीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. पहिला नंबर लोकांच्या आवडीने लागतो खरा. पण ती आवड कोणत्या मापाने मोजायची, हे मोजणारा ठरवतो, आणि माप वेळोवेळी बदलते. म्हणून यादी वाचावी, गाणे मनमुराद ऐकावे, फक्त त्यामागे कोण वाजवतो आहे आणि त्याला काय मिळाले, एवढे एकदा विचारावे. आमचे चाळीतले अंकल गेले, त्यांचे व्हायोलिन कोणी नेले मला ठाऊक नाही. पण जुने हिंदी गाणे लागले, मागे व्हायोलिनांचा समूह उठला, की त्यांतला एक हात त्यांचा असेल असे धरून मी ऐकतो. आपणही तसे ऐकावे, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.