आठवड्याचा एक पैसा

आमच्या सोलापुरास वर्गणी नवी नाहीं. उत्सव, जयंत्या, यात्रा, शाळेची इमारत, दुष्काळ, ह्यांपैकीं कोणत्या ना कोणत्या निमित्तानें पावतीपुस्तक घेऊन कोणीतरी दाराशीं उभा असतोच. पावती हातीं पडली कीं आपण दार लावतों, आणि त्या पैशाचें पुढें काय झालें ह्याची चौकशी करीत नाहीं. किंबहुना चौकशी करणें हें असभ्यपणाचें समजतों. ह्या संवयीमुळेंच एका निराळ्या वर्गणीनें माझें लक्ष वेधलें. ऑक्टोबर महिन्याच्या शेवटून दुसऱ्या रविवारीं जगभरच्या कॅथलिक चर्चांतून एक थैली फिरते. सोलापूरचे कॅथलिक १८८६ सालीं स्थापन झालेल्या पुणें धर्मप्रांतांत मोडतात. संख्येनें ते थोडे, तरी ही थैली त्यांच्यापुढूनही जाते. त्या दिवशींचा पैसा गांवच्या चर्चच्या छपरासाठीं नसतो. तो दूरदूरच्या गरीब धर्मप्रांतांसाठीं रोमकडे रवाना होतो. ज्यांना आपण कधीं पाहणार नाहीं त्यांच्यासाठीं वर्षानुवर्षें पैसा कसा जमतो, हा प्रश्न केवळ कॅथलिकांपुरता नाहीं.

ही मागण्याची विद्या त्या धर्मसंस्थेस आमच्या देशांत पुष्कळ दिवस शिकावीच लागली नाहीं. पोपनें पोर्तुगालच्या राजास समुद्रापलीकडील मुलखांतला दशमांश वसूल करण्याचा हक्क दिला होता, आणि त्याच्या मोबदल्यांत चर्चें बांधणें व पाद्री पोसणें हें राजाचें कर्तव्य ठरलें होतें. ह्याच व्यवस्थेस पाद्रोआदो म्हणतात. १५४१ सालीं गोव्यांत सांत फे विद्यालय निघालें, तेव्हां तिसवाडींतील पाडलेल्या देवळांच्या जमिनींचें उत्पन्न त्याच्याकडे लावण्यांत आलें. ज्या पैशास कोणाचा प्रेमाचा हात लागलेला नाहीं अशा पैशावर उभारलेली संस्था दिसावयास भक्कम असते. पण राजा दुबळा झाला कीं तीही दुबळी होते. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. शरणागतीच्या कलमांत ख्रिस्ती रयतेस उपासनेची मोकळीक होती. परंतु मोकळीक मिळाली म्हणजे दिव्यास तेल मिळतें असें नाहीं. पुढें १७५९ सालीं जेझुइटांस पोर्तुगीज राज्यांतून हांकलण्यांत आलें, आणि १८३४ सालीं पोर्तुगालनें बाकीचे संन्यासी संघही मोडले. वसई-साष्टीच्या वाड्यांतून जीं चर्चें टिकलीं, तीं मुख्यतः गोंवेकर पाद्र्यांच्या चिकाटीनें आणि शेतकऱ्यांच्या ओंजळींतून आलेल्या दाण्यांवर टिकलीं.

आतां, जो देतो तो हक्कही सांगूं लागतो. मुंबईंत एक पक्ष पोर्तुगालच्या राजाचा व गोव्याच्या आर्चबिशपचा, तर दुसरा थेट रोमचा, असा तंटा कित्येक पिढ्या चालला. १८५३ सालीं माहीमचें सेंट मायकेल चर्च आपल्या ताब्यांतून जाऊं नये म्हणून बिशप हार्टमन स्वतः आंत जाऊन बसले, आणि विरुद्ध पक्षानें बाहेरून सुमारें दोन आठवडे वेढा दिला. शेवटीं चर्च विरुद्ध पक्षाकडेच गेलें. पुष्कळ लेखक ही हकीकत लाजिरवाणी म्हणून घाईनें आटोपतात. मला ती तशी वाटत नाहीं. हें चर्च आपलें आहे असें ज्यांस वाटत नाहीं, ते लोक त्यासाठीं वेढा घालण्याच्या खटपटींत पडत नाहींत.

ह्या वर्गणीची खरी युक्ति मात्र निघाली फ्रान्सांतील ल्यों शहरीं. ल्यों म्हणजे रेशमाचे माग. आमच्यासारखेंच विणकरांचें गांव. तेथील एका रेशीम कारखानदाराची मुलगी पोलीन जारिको, जन्म १७९९. तिचा भाऊ पाद्री होण्यासाठीं शिकत होता. पूर्वेकडील मिशनांची हलाखी त्यानें तिला कळविली. १८१९ च्या सुमारास तिनें रेशीम कामगार बायकांत आठवड्यास एक ‘सू’ गोळा करण्यास आरंभ केला. ‘सू’ म्हणजे तिकडील तांब्याचें हलकें नाणें. आपला पैसाच म्हणाना. प्रत्येक जमविणारीकडे दहाच माणसें. अशा दहा जणींचा पैसा शंभरांच्या प्रमुखाकडे, आणि तेथून हजारांच्या प्रमुखाकडे. ३ मे १८२२ रोजीं ह्या मुळावर श्रद्धाप्रसाराची संस्था रीतसर स्थापन झाली. तिची स्थापना करणाऱ्या पुरुषमंडळींनीं पुढें त्या बाईचें नांव फारसें घेतलें नाहीं, ही गोष्ट वेगळी.

दहा हा आंकडा विचार करण्यासारखा आहे. दहा माणसांची नांवें पाठ असतात. कोणाचें मूल आजारी आहे, कोणाचा माग बंद पडला आहे, हें जमविणारीस ठाऊक असतें. आठवड्यास एक पैसा म्हणजे वर्षास बावन्न पैसे, जुन्या हिशेबानें तेरा आणे. दहा जणांचे मिळून आठ रुपये दोन आणे. एकदम तेरा आणे मागितले असते तर गिरणींतल्या बाईनें हात जोडले असते. दुसरी खुबी अशी कीं, वर्गणीच्या मोबदल्यांत कांहींतरी परत येई. मिशनऱ्यांचीं पत्रें छापणारें एक नियतकालिक दर दोन महिन्यांनीं निघे, आणि दर दहांमागें त्याची एक प्रत फुकट मिळे. आपल्या पैशानें कोणत्या नदीकांठीं काय घडलें, हें ल्योंमधली मागावरची बाई वाचवून घेत असे. पावती फाडून दार लावणाऱ्या आम्हांस ह्यांत शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

आमच्याकडे अंताजी दामोदर काळे ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं पैसा फंड काढला तो ह्याच जातीचा: दर माणशीं वर्षास एक पैसा, आणि त्यांतून स्वदेशी उद्योग. लोकमान्य टिळकांचा त्यास पाठिंबा होता, आणि १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. पण गणित पाहा. वर्षास एक पैसा घ्यावयाचा तर एका रुपयासाठीं चौसष्ट दारें ठोठवावीं लागतात, आणि पुढल्या वर्षीं पुन्हां पहिल्यापासून आरंभ! काळे मास्तरांची पायपीट थोर खरी. तथापि पोलीनच्या बायका दर आठवड्यास त्याच दहा दारांशीं जात होत्या. भाऊराव पाटलांच्या मुष्टिफंडांत दळणाच्या वेळीं बाजूस पडणारी धान्याची मूठ मला ह्या दुसऱ्या जातीची वाटते, कारण तींत मागणारा रोज घरांतच बसलेला असतो.

परदेशच्या पैशावर विसंबल्याचें फळ पुणें प्रांतानें पुढें पुन्हां एकदां चाखलें. येथील काम जर्मन जेझुइटांकडे होतें. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें, आणि इंग्रज सरकारनें त्यांस प्रथम अटकेंत ठेवून नंतर मायदेशीं पाठविलें. पुण्याचे बिशप डोरिंग ह्यांस कित्येक वर्षें आपल्या प्रांतांत पाऊल टाकतां आलें नाहीं; १९२१ सालीं त्यांस जपानांत हिरोशिमा येथें नेमलें, आणि १९२७ सालीं ते पुण्यास परत आले. ह्याच सुमारास, १९२२ सालीं, ल्योंची ती संस्था पोपनें आपल्या हाताखालीं रोमला नेली, आणि १९२६ पासून तो ऑक्टोबरचा रविवार सुरू झाला. आजवर ज्यांनीं घेतलें होतें तेही त्या दिवसापासून देऊं लागले.

माझ्या एका सहकारी प्राध्यापकांचें बालपण वसईकडे गेलें. त्यांच्या चर्चच्या वार्षिक वर्गणीचीं पाकिटें घरोघर वांटलीं जात. पाकिटावर घराचा क्रमांक, रक्कम ज्याच्या त्याच्या मर्जीची. पाकीट परत न आलें तर दोघे जण घरीं येत, चहा घेत, म्हातारीची प्रकृति विचारीत, आणि पैशाचें नांवही न काढतां निघून जात. दुसऱ्या दिवशीं पाकीट चर्चमध्यें पोहोंचलेलें असे! मीं विचारलें, “आणि घरांत खरोखरच पैसा नसला तर?” ते म्हणाले, “तर ते दोघे पुन्हां येत, पण ह्या वेळीं तांदूळ घेऊन.”

पोलीन जारिकोचा शेवट मात्र सांगावयाचा राहिला. १८३१ आणि १८३४ सालीं ल्योंच्या विणकरांनीं केलेले उठाव तिनें पाहिले होते. कामगारांस माणसासारखें राहतां यावें म्हणून १८४५ सालीं तिनें एक लोखंडाचा कारखाना विकत घेण्याच्या कामीं पैसा घातला. ह्या वेळीं तो दहा-दहांच्या टोळ्यांनीं आठवड्यास एक सू असा जमविलेला नव्हता. मोठमोठ्या ठेवी होत्या, आणि व्यवहार भलत्यांच्या हातीं गेला. कारखाना बुडाला. गरिबांचा पैसा परत करण्यासाठीं ती उरलेलें आयुष्य दारोदार फिरली. जिच्या युक्तीनें पृथ्वीच्या चारी खंडांत चर्चें उभीं राहिलीं, ती ९ जानेवारी १८६२ रोजीं वारली तेव्हां सरकारदरबारीं तिची नोंद निर्धन अशी होती. २०२२ च्या मे महिन्यांत, त्याच ल्यों शहरांत, चर्चनें तिला धन्य म्हणून घोषित केलें.