कपाळावरची आठी आणि सुईचा प्रवास

शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांच्या ताया, माई, आक्का, ऐकताय ना? हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या. आज आपण सुरकुत्यांच्या इंजेक्शनबद्दल बोलणार आहोत. हा विषय आम्ही शोधायला गेलो नव्हतो, तो आमच्या गटाच्या बैठकीत आपणहून आला.

झालं असं. मागच्या महिन्यात आमच्या एका ताईंनी दहा हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं, तर आधी गप्प बसल्या, मग हळूच म्हणाल्या, "कपाळाला सुई मारून घ्यायचीय." एका पार्लरमध्ये त्यांना सांगितलं होतं की एकदा टोचलं की दोन भुवयांमधल्या आठ्या जातात. लेकीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय. "साखरपुड्याच्या फोटोत मी तिची आजी दिसते गं," असं म्हणताना ताईंचा आवाज भरून आला. दोघीतिघी हसल्या. आम्हालाही हसू आलं, ते आम्ही कबूल करतो. पण ताईंचा चेहरा बघितला आणि हसू तिथंच जिरलं. आपल्या गटात शेळीला कर्ज देतो, किराणा दुकानाला देतो, पोरांच्या फीला देतो. चेहऱ्याला द्यायचं का? कुणालाच उत्तर देता येईना. मग ठरलं, की आधी ही सुई आहे काय ते शोधायचं. शोधता शोधता आम्ही दोनशे वर्षं मागे गेलो.

तसं बघितलं तर चेहऱ्यावर सुई आपल्याला नवी नाही. आपल्या आज्यांची कपाळं आठवा. भुवयांच्या मध्ये हिरवट टिकली, हनुवटीवर ठिपका, हातावर तुळशीवृंदावन. गावात गोंदणारी बाई यायची, काजळी आणि पाल्याचा रस घेऊन बसायची आणि टोचायची. मेल्यावर दागिने इथंच राहतात, बरोबर येतं ते गोंदण, असं म्हातारी माणसं सांगायची. ती सुई दुखायची, पण तिचा खर्च एकदाच. आणि ती वय लपवायला नव्हती.

चेहरा दुरुस्त करण्याच्या जगाच्या इतिहासात आपल्या पुण्याचं नाव फार मोठं आहे, हे आम्हाला आत्ता कळलं. कावसजी नावाचा एक मराठी शेतकरी १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकत होता. तो टिपूच्या ताब्यात सापडला आणि त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. कसं? मेणाचं नाक करून त्याचा आकार आधी बघितला. ते मेण चपटं करून कपाळावर ठेवलं आणि भोवती रेघ मारली. तेवढं कातडं कपाळावरून सोडवलं, पण दोन डोळ्यांच्या मध्ये त्याला एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवली, म्हणजे रक्त चालू राहील. मग ते वळवून नाकाच्या जागी बसवलं. वरून आपण विड्यात घालतो तो काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावला आणि त्या चिकटवल्या. चार दिवसांनी तुपात बुडवलेल्या पट्ट्या ठेवल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापली.

ही हकिगत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं चित्र काढणारा जेम्स वेल्स, त्यानेच कावसजीचं चित्र काढलं होतं. ते वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या डॉक्टरने १८१४ मध्ये तसंच ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. आजच्या प्लॅस्टिक सर्जरीची एक मोठी वाट तिथून पुढे गेली. त्या विटा पाडणाऱ्याचं नाव मात्र त्या पत्रात कुणी लिहिलं नाही. आम्हाला या गोष्टीत एक खूण दिसली. तिथं गेलेलं नाक परत आणायचं होतं. माणसाला पुन्हा चारचौघांत तोंड दाखवता यावं, एवढंच त्यामागे होतं.

पुढे चेहऱ्याचं काम दुखापतीकडून दिसण्याकडे सरकलं. १८९९ च्या सुमारास व्हिएन्नाचे डॉक्टर गेर्सुनी यांनी शरीरात पॅराफिन, म्हणजे मेण, पातळ करून टोचण्याचा प्रयोग केला. थोड्याच दिवसांत नाक सरळ करायला आणि सुरकुत्या भरायला ते मेण युरोपात वापरलं जाऊ लागलं. ग्लॅडिस डीकन नावाची एक देखणी श्रीमंत तरुणी होती. तिने नाक आणखी रेखीव व्हावं म्हणून मेण टोचून घेतलं. ते मेण खाली सरकलं आणि चेहरा कायमचा बिघडला. अनेकांच्या अंगात गाठी झाल्या, जखमा झाल्या. शेवटी डॉक्टरांनी ते सोडून दिलं.

आता आपल्या ताईंच्या सुईकडे येऊ. तिला बोटॉक्स म्हणतात. ऐकून धक्का बसेल, पण मुळात ते एक विष आहे आणि त्याचा शोध खराब मांसातून लागला. जर्मनीत युस्टिनस केर्नर नावाचे डॉक्टर होते. ते कवीही होते. त्यांच्या भागात बिघडलेलं मसाल्याचं मांस, ज्याला तिकडे सॉसेज म्हणतात, ते खाऊन माणसं लुळी पडून मरत होती. केर्नर यांनी १८२० आणि १८२२ मध्ये त्यावर लिहिलं. स्वतःवरही प्रयोग करून बघितला. हे विष नसा आणि स्नायूंमधला निरोप थांबवतं हे त्यांनी ओळखलं, आणि अगदी थोडं दिलं तर कधीतरी औषध होईल असंही सुचवलं. लॅटिनमध्ये सॉसेजला बोट्युलस म्हणतात, त्यावरून या रोगाला बोट्युलिझम नाव पडलं. १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात मयतीला वाजवायला आलेली बँडची मंडळी हॅम, म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस, खाऊन आजारी पडली. तिघं दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंजेम यांनी हे विष तयार करणारा जंतू शोधून काढला. म्हणून सांगतो, फुगलेला बंद डबा घरात कधी उघडून चाखू नका.

या विषाचं औषध केलं ते अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट यांनी. तिरळ्या डोळ्यात एक स्नायू जास्त ओढ घेतो. त्याला थोडं ढिलं केलं तर चाकू न लावता डोळा सरळ होईल, असा त्यांचा विचार होता. आधी माकडांवर, मग माणसांवर त्यांनी प्रयोग केले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर १९८९ मध्ये तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी मान्यता दिली. आजही वाकडी मान, जुनी अर्धशिशी, आखडलेले हातपाय यांवर हे औषध देतात. ज्या बाईला डोळेच उघडता येत नाहीत, तिच्यासाठी ही सुई म्हणजे दृष्टीच.

आठ्यांची गोष्ट १९८७ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात सुरू झाली. जीन कॅरुथर्स या डोळ्यांच्या डॉक्टर पापण्यांच्या आजारावर हे औषध देत होत्या. त्यांच्या एका रुग्ण बाईने सांगितलं, की भुवयांजवळ टोचलं की चेहरा कसा शांत, निवांत दिसतो. जीन यांचे पती अ‍ॅलिस्टर त्वचेचे डॉक्टर होते. दोघांनी मिळून दवाखान्यातल्या स्वागत कक्षातल्या बाईंच्या आठ्यांवर, त्यांच्या संमतीने, पहिली सुई दिली. पुढे अठरा रुग्णांची माहिती त्यांनी १९९२ मध्ये छापली. एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेने आठ्यांसाठी अधिकृत मान्यता दिली, आणि आजाराची सुई बाजारात आली.

ती काम कशी करते, ते सोपं आहे. आपण कपाळाला आठी घालतो तेव्हा मेंदूचा निरोप नसेतून स्नायूला जातो. औषध तो निरोप अडवतं. स्नायू ओढ घेत नाही, वरची कातडी सपाट दिसते. पण नसा हळूहळू पूर्ववत होतात. तीन ते चार महिन्यांत आठी परत येते.

इथं आमच्या हिशोबनीस ताईंनी पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे कर्ज दहा महिन्यांचं आणि काम चार महिन्यांचं?" आमच्या गटात शेकडा दोन रुपये व्याज आहे. हप्ते फिटायच्या आत आठी हजर. सुई चालू ठेवायची तर वर्षाला तीन वेळा टोचायचं, म्हणजे तीस हजार.

पैशापेक्षा मोठी गोष्ट जिवाची. हे औषध भुकटीच्या रूपात कुपीत येतं, फ्रीजच्या गारव्यात जपावं लागतं आणि मापून पातळ करावं लागतं. चुकीच्या जागी गेलं तर पापणी खाली लोंबते, ती काही आठवडे तशीच राहू शकते. गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि स्नायूंचा आजार असणाऱ्यांना डॉक्टर हे देत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात २००४ मध्ये परवाना नसलेलं, संशोधनासाठीचं विष सुरकुत्यांसाठी टोचलं गेलं. चार जण लुळे पडून दवाखान्यात गेले, त्यांत टोचणाराही होता. आणि एक लक्षात ठेवा, गाल-ओठ भरायचं फिलर हे वेगळं इंजेक्शन आहे. ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी मरते, डोळाही जाऊ शकतो. त्यामुळे "सगळं एकच असतं," असं कुणी म्हटलं तर तिथून उठून या.

तरीही आम्हाला एक प्रश्न सुटत नव्हता. ताईंना नाही म्हणणारे आम्ही कोण? आपल्याच दौंड तालुक्यात केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळात होरपळलेल्या आणि घराने टाकलेल्या बायका-मुलींना तिथं आसरा मिळाला. त्या काळी नवरा गेला की अनेक घरांत बाईचं कुंकू पुसायचे, केस उतरवायचे, तिला न विचारता. बाईचा चेहरा कसा असावा हे दुसऱ्याने ठरवायचं, ही रीत जुनीच आहे. आज पार्लरची जाहिरात तेच करते, आणि हसून नाही म्हणणारा गटही तेच करतो. म्हणून आम्ही ठरवलं, की माहिती पूर्ण द्यायची आणि निर्णय ताईंचा.

आम्ही दोघीजणी ताईंबरोबर पुण्याला त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी ताईंना अर्ज वाचायला दिला. ताईंनी तो लांब धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. डॉक्टर म्हणाल्या, "आधी डोळे तपासा." तपासले, तर चाळिशी लागलेली. आम्ही गटाच्या वहीवर सही करताना ताईंना रोज तसंच बघत होतो, पण कुणाच्या ध्यानात आलं नाही. दुसरं कारण ऊन. वीस वर्षं उसाच्या आणि कांद्याच्या रानात उघड्या तोंडाने काम. उन्हाने कातडी लवकर सुरकुतते. रुंद काठाची टोपी किंवा स्कार्फ आणि उन्हाचं मलम, एवढं डॉक्टरांनी लिहून दिलं. सुईही मिळेल, घाई नाही, असंही सांगितलं.

ताईंनी चष्मा घेतला. जुन्या आठ्या चष्म्याने गेल्या नाहीत, ते आम्ही खोटं सांगणार नाही. सुईचं लग्नानंतर बघू, असं त्या म्हणाल्या. बघितलं तरी आम्ही हसणार नाही.

गटाने मात्र वहीत ठराव लिहिला, तो तुम्हीही आपापल्या गटात मांडून बघा. चेहऱ्याच्या उपचाराला कर्ज मागितलं तर हसायचं नाही. टोचणारी व्यक्ती महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेली डॉक्टर आहे का, ते बघायचं. कुपीवरचं नाव आणि मुदत आपल्यासमोर वाचून घ्यायची. पक्कं बिल घ्यायचं. पैसे देऊन घेतलेला उपचार ग्राहक कायद्यात येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय, आणि बिल असेल तर दाद मागणं सोपं जातं. आणि उपचार जितके महिने टिकतो, त्याहून लांब मुदतीचं कर्ज द्यायचं नाही.

लग्नाच्या फोटोत ताई चष्मा लावून उभ्या राहणार आहेत. लेकीनेच तसं सांगितलंय.