झोळी सैल होते तेव्हा

मराठीत 'अंग' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, सगळे शरीर. दुसरा अर्थ गर्भाशयाचा, आणि तो बायका आपापसांत हळू आवाजात वापरतात. 'तिचं अंग बाहेर येतं' म्हटले की ऐकणारीला सगळे कळते. पण हे बोलणे माजघरातून दवाखान्यापर्यंत क्वचितच पोहोचते. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटते, त्याबद्दल तर तेवढेही बोलले जात नाही. ज्या दुखण्याचे नाव चारचौघांत घेता येत नाही, त्याचा इतिहासही सहसा सांगितला जात नाही. आज तो थोडा सांगायचा आहे.

आधी शरीराची रचना पाहू. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना ती खालून आधार देते. बाळंतपणात ती फार ताणली जाते. लागोपाठची बाळंतपणे, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ आणि जड ओझी यांनी ती सैल पडते. पुरुषांनाही ही झोळी असते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर काही पुरुषांनाही लघवी सुटण्याचा त्रास होतो.

बाळंतिणीला विसावा हवा, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. हिंदू घरांत सव्वा महिना, आमच्या घरांत चाळीस दिवसांचा चिल्ला. त्यात विटाळाच्या कल्पना मिसळल्या होत्या हे खरे. पण गर्भाशय पूर्वीच्या आकाराला यायला साधारण सहा आठवडे लागतात, असे आजचे वैद्यकशास्त्रही सांगते. म्हणजे दोन्ही घरांचा हिशेब फारसा चुकला नव्हता.

प्रश्न असा, की हा विसावा कोणाच्या वाट्याला आला? सोलापुरात १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली. पुढे आणखी गिरण्या आल्या आणि त्यांत बायकाही राबू लागल्या. गिरणीतल्या बाळंतिणीला पगारी विश्रांती मिळावी, यासाठी मुंबई विधिमंडळात १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले आणि १९२९ साली कायदा झाला. घरी बसून विड्या वळणारीपर्यंत असे संरक्षण पोहोचायला १९६६ चा विडी-सिगार कामगार कायदा यावा लागला. पण हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी घेणारीचा हात थांबला, की चूलही थांबते. शिवाय मांडीवरच्या सुपातल्या तंबाखूची धूळ आहेच. ती खोकला देते, आणि प्रत्येक खोकला झोळीला खालून एक धक्का देतो.

या दुखण्यावरच्या शस्त्रक्रियेत आपल्याकडच्या डॉक्टरांनी जगात नाव मिळवले. गोव्यात शिरोडा गावी १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत काम करत. गर्भपात टाळण्यासाठी गर्भाशयाच्या मुखाला घालायचा त्यांचा टाका जगभर 'शिरोडकर टाका' म्हणून ओळखला जातो. खाली आलेले गर्भाशय काढून न टाकता पट्टीने वर बांधण्याची शस्त्रक्रियाही त्यांनी बसवली. मुंबईच्याच डॉ. पुरंदरे यांची अशी दुसरी पद्धत स्त्रीरोगशास्त्राच्या पुस्तकांत शिकवली जाते. ज्या तरुण बाईला अजून मूल हवे आहे, तिच्यासाठी हे मोठे वरदान होते.

शस्त्राशिवायचा उपाय मात्र मागे राहिला. हठयोगातल्या मूलबंधात हेच स्नायू आवळले जातात, पण ती साधकांची विद्या होती. लंडनमध्ये मार्गारेट मॉरिस या नर्तकीने १९३० च्या दशकात बाळंतपणानंतरच्या व्यायामांत या स्नायूंना जागा दिली. १९४८ साली अमेरिकेतल्या डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी त्यांची ताकद मोजणारे उपकरण आणि व्यायामाची पद्धत प्रसिद्ध केली. आपल्याकडे मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५० च्या दशकात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. पण फिजिओथेरपी म्हणजे लुळे पाय, मोडलेली हाडे आणि पाठदुखी, अशीच समजूत लोकांत रुजली. बाईच्या या दुखण्यावरही तिथे इलाज आहे, हे फारसे कोणी सांगितले नाही.

सांगणार तरी कोणाला? डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होते. त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आले, तेव्हा खेड्यातल्या बाईचे मौन पहिल्यांदा आकड्यांत मांडले गेले.

उपायाला खर्च नाही. वायू अडवताना जे स्नायू आवळतो, तेच आवळायचे, काही सेकंद धरायचे, मग पूर्ण सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. श्वास रोखायचा नाही, पोट किंवा मांड्या ताणायच्या नाहीत. अनेक जणी आवळण्याऐवजी खाली जोर देतात आणि त्रास वाढवून घेतात. म्हणून सुरुवातीला प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावे. काहींचे स्नायू सैल नसतात, उलट आखडलेले असतात. त्यांना ते सोडायला शिकवावे लागते. खोकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांवरच्या चाचण्या २०१८ साली एकत्र तपासल्या गेल्या. व्यायाम करणाऱ्यांपैकी ५६ टक्के स्त्रियांनी बरे झाल्याचे सांगितले, न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. अंग थोडे खाली आले असेल तर व्यायामाने त्रास कमी होतो. पूर्ण बाहेर येत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला हवाच.

सुताच्या या गावात ताणा कुठे सैल पडला आहे, हे विणकराला बोटाने कळते, आणि तो ते लपवत नाही, मागाशीच बसून नीट करतो. घरातली आई, सासू, बहीण खोकताना कोपऱ्यात का वळते, हे आपण विचारत नाही. 'वयच झालं' म्हणून ती स्वतःची समजूत घालते. हे वय नाही, हे दुखणे आहे आणि त्यावर इलाज आहे, एवढे वाक्य आज एका घरात जरी बोलले गेले तरी पुष्कळ झाले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)