पाचारण : बेळगावच्या बाबा पदमनजींचे

'पाचारण' हा शब्द आपल्याकडे सभासमारंभात नेहमी ऐकू येतो. अध्यक्षांना भाषणासाठी पाचारण केले जाते, साक्षीदाराला न्यायालयात पाचारण केले जाते. मराठी ख्रिस्ती समाजात मात्र या शब्दाला आणखी एक, खोलवरचा अर्थ आहे. देवाने माणसाला त्याच्यासाठी नेमलेल्या कार्याकडे बोलावणे, म्हणजे पाचारण. हे बोलावणे ओळखावे कसे, हा प्रश्न प्रत्येक श्रद्धावंतापुढे असतो, आणि तो केवळ ख्रिस्ती माणसापुरता आहे असे आम्हास वाटत नाही. या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच बेळगावात जन्मलेल्या एका ग्रंथकाराच्या चरित्रात सापडते. ते ग्रंथकार म्हणजे बाबा पदमनजी.

बाबांचा जन्म मे १८३१ मध्ये बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. लंडन मिशनरी सोसायटीचे काम या गावी १८२० मध्येच सुरू झाले होते. त्या मिशनच्या शाळेत बाबांचे सुरुवातीचे इंग्रजी शिक्षण झाले. पुढे ते मुंबईस गेले आणि तेथे फ्री चर्चच्या विद्यालयात शिकले. घरातील वातावरण धर्मनिष्ठ होते आणि बाबांची स्वतःची वृत्तीही लहानपणापासून भाविक होती. व्रतवैकल्ये ते मनापासून पाळीत. त्यामुळे मिशनच्या शाळेत गेला आणि लगेच ख्रिस्ती झाला, असा सरळ हिशेब येथे लागत नाही. मधली वर्षे शंकांची, वाचनाची आणि वादविवादांची होती.

याच काळात ते मुंबईच्या परमहंस सभेत सामील झाले. दादोबा पांडुरंगांसारखे विद्वान या सभेत होते. जातिभेद मोडावा, विधवांचा पुनर्विवाह व्हावा, एका ईश्वराची प्रार्थना करावी, ही सभेची मते त्या काळाच्या पुष्कळ पुढची होती. परंतु सभेचे सारे व्यवहार गुप्तपणे चालत. बंद दाराआड सहभोजन करावे आणि घरी परतल्यावर पुन्हा जातीचे नियम पाळावेत, असा तो प्रकार होता. १८६० च्या सुमारास सभेचे गुपित फुटले आणि सभाही मोडली. तत्पूर्वीच बाबांनी आपला मार्ग निश्चित केला होता. जे मनाला पटले ते चारचौघांत सांगता आले पाहिजे, हा त्यांच्या पुढील आयुष्याचा कणा ठरला.

३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो बेळगावात घेतला. ही गोष्ट लहान नाही. मुंबईच्या गर्दीत हे पाऊल त्यामानाने सोपे गेले असते. जेथे प्रत्येक गल्लीत ओळखीचा माणूस भेटणार, त्या गावी ते उचलणे म्हणजे आप्तांचा, जातीचा आणि घराचा दुरावा डोळ्यांसमोर ठेवूनच उचलणे होते. त्या काळी धर्मांतराने केवढी खळबळ उडे, हे १८४३ च्या श्रीपत शेषाद्री प्रकरणावरून दिसते. त्या मुलाला न्यायालयाने पालकांच्या स्वाधीन केले. नंतर बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला शुद्ध करून जातीत परत घेण्याचा पुरस्कार केला, तेव्हा बाळशास्त्रींनाही स्वकीयांचा रोष पत्करावा लागला.

बाप्तिस्मा हा निर्णय झाला. कार्य अजून हाती यावयाचे होते. धर्म स्वीकारला म्हणजे पाचारणाचा सारा अर्थ उलगडला, असे घडत नाही. बाबांनी शाळेत शिकवले, पुण्यात पाळकाचे काम केले, नियतकालिके चालविली. या साऱ्यांतून हळूहळू एक गोष्ट स्पष्ट होत गेली. त्यांना दिलेले दान लेखणीचे होते, आणि ज्यांच्यासाठी लिहावयाचे ते वाचक मराठी होते.

१८५७ मध्ये त्यांचे 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाले. अनेक अभ्यासक ही मराठीतील पहिली कादंबरी मानतात. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये, झाला होता. कायदा कागदावर आला तरी विधवेचे घरातील दुःख संपले नव्हते. यमुना आणि तिचा पती विनायक प्रवास करतात आणि वाटेत भेटणाऱ्या विधवांच्या कहाण्या ऐकतात, अशी या पुस्तकाची रचना आहे. पुढे बाबांनी मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्ती सिद्ध केली, नव्या करारावर टीका लिहिली आणि 'अरुणोदय' हे आत्मचरित्र लिहिले. लहानमोठी मिळून त्यांच्या पुस्तकांची संख्या शंभराच्या आसपास जाते. २९ ऑगस्ट १९०६ रोजी ते निवर्तले. बाप्तिस्म्यापासून मोजले तर हे कार्य बावन्न वर्षे चालले होते.

त्यांच्या लेखनात प्रचाराचा भाग मोठा आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. हिंदू आचारविचारांवरील त्यांची टीका अनेकदा कठोर आहे आणि श्रद्धाळू वाचकाला ती बोचते. ती बोच मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक राहते. त्यांनी जात सोडली, पूर्वीचा धर्म सोडला. मराठी भाषा सोडली नाही. आपले बोलावणे त्यांनी आपल्याच लोकांच्या भाषेत, त्यांच्याच दुःखाविषयी लिहून पुरे केले. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१-१९१९) अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, पंडिता रमाबाईंनी बायबलचे मूळ भाषांतून मराठीत भाषांतर केले. त्या वाटेवर बाबांची पावले आधी उमटलेली होती.

सोळाव्या शतकात जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांनी असे प्रतिपादन केले की, पाचारण केवळ मठातील संन्याशालाच होते असे नाही. चांभार, शेतकरी, घर सांभाळणारी आई, हे सारे आपापल्या कामात देवाचीच सेवा करीत असतात. आपल्याकडे सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला, त्याचा आशय यापासून फार दूर नाही. बाबांच्या चरित्रावरून आम्हास तीन खुणा दिसतात. अंगी असलेले दान, समोरच्या माणसांची गरज, आणि त्यासाठी किंमत मोजण्याची तयारी. या तिन्ही एकत्र येतात तेथे पाचारण असते. ते एका रात्रीत उमगत नाही. हाताशी आलेले काम नीट करता करता उमगत जाते.

आमचे आयुष्य सरकारी कचेरीत गेले. तेथे नेमणुकीचा हुकूम लेखी येतो आणि निवृत्तीची तारीखही आधीच ठरलेली असते. पाचारणाला असा हुकूम नसतो, आणि निवृत्तीही नसते. म्हणूनच सेवानिवृत्त मंडळी 'आता काय करावे?' असे विचारतात, तेव्हा बाबांचे नाव आम्ही आवर्जून घेतो.

बेळगाव-निपाणी भागातील आपल्या जुन्या घराण्यांना हे नाव विशेष जवळचे वाटावयास हवे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, आणि तेव्हापासून मराठी टिकविणे हे आपण आपले कर्तव्य मानत आलो. ते टिकविणाऱ्यांच्या पंक्तीत कासाराच्या घरी जन्मलेल्या या ख्रिस्ती ग्रंथकाराचे पान मांडलेले असावे. गावोगावच्या वाचनालयांनी 'यमुनापर्यटन' आणि 'अरुणोदय' या पुस्तकांच्या प्रती मिळवून ठेवाव्यात आणि तरुणांच्या हाती द्याव्यात, एवढी सूचना करून हा लेख आम्ही येथेच संपवितो.