हैतीची क्रांती
हैतीची क्रांती (ऑगस्ट १७९१ – १ जानेवारी १८०४) हा कॅरिबियन समुद्रातील सँ-दोमँग या फ्रेंच वसाहतीतील गुलामांनी केलेला उठाव होय. गुलामांनी वसाहतवादी साम्राज्याचा पराभव करून स्वतःचे राष्ट्र स्थापन केल्याचे जगाच्या इतिहासातील हे एकमेव उदाहरण मानले जाते.

पार्श्वभूमी
हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिम भाग स्पेनने १६९७ मध्ये फ्रान्सला दिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि निम्म्याहून अधिक कॉफी येथून जात असे. वसाहतीत जवळपास ५ लाख गुलाम होते. गोऱ्यांची संख्या ४० हजारांच्या आतच होती. उसाच्या मळ्यांवर माणसे इतकी मरत की गुलामांची संख्या जन्मांनी टिकत नसे. आफ्रिकेतून नवे लोक आणून ती भरून काढली जाई. त्यामुळे उठावाच्या वेळी बहुसंख्य गुलाम आफ्रिकेत जन्मलेले होते आणि त्यांतील काहींना युद्धाचा अनुभवही होता.

उठाव आणि युद्ध
२२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उत्तरेकडील मळे पेटवण्यात आले. सुरुवातीचा नेता बुक्मन त्याच वर्षी मारला गेला. पुढे तूसाँ लूव्हेर्त्यूर या पूर्वाश्रमीच्या गुलामाने शिस्तबद्ध सैन्य उभे केले. उठाव आटोक्यात येईना, तेव्हा फ्रेंच आयुक्तांनी १७९३ मध्ये वसाहतीत गुलामगिरी रद्द केली. ४ फेब्रुवारी १७९४ रोजी पॅरिसमधील राष्ट्रीय परिषदेने हा निर्णय सर्व वसाहतींना लागू केला. म्हणजे ही मुक्ती पॅरिसने आपणहून दिलेली नव्हती, हे ध्यानात घ्यावे लागते. तूसाँने मात्र निर्यात टिकवण्यासाठी मुक्त झालेल्यांना मळ्यांवरच सक्तीने कामाला ठेवले. त्यामुळे त्याच्याविरुद्धही असंतोष होता.

१८०१ च्या अखेरीस नेपोलियनने मेहुणा लक्लेर याच्या हाताखाली मोठे सैन्य पाठवले. तूसाँला कैद करून फ्रान्सला नेण्यात आले. ७ एप्रिल १८०३ रोजी तो फोर्ट द जू येथील तुरुंगात मरण पावला. ग्वादलुप बेटावर गुलामगिरी पुन्हा लादली जात असल्याच्या बातम्या येताच फ्रेंचांना मिळालेले कृष्णवर्णीय सेनानीही उलटले. पीतज्वराने फ्रेंच सैन्य आणि खुद्द लक्लेर यांचा बळी घेतला. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हेर्तिएर येथे ज्याँ-जाक देसालिनच्या सैन्याने निर्णायक विजय मिळवला. १ जानेवारी १८०४ रोजी गोनाईव्ह येथे स्वातंत्र्य घोषित झाले आणि बेटाच्या मूळ ताइनो रहिवाशांच्या भाषेतील ‘हैती’ हे नाव स्वीकारण्यात आले.

त्याच वर्षी देसालिनच्या आदेशाने उरलेल्या बहुतेक फ्रेंच गोऱ्यांची कत्तल झाली. १८०५ च्या राज्यघटनेने सर्व हैतीवासी ‘कृष्णवर्णीय’ म्हणून ओळखले जातील असे ठरवले; त्यांत नागरिकत्व मिळालेले पोलिश सैनिकही आले.

स्वातंत्र्याची किंमत
१८२५ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात १५ कोटी फ्रँकची मागणी केली. ही भरपाई मालमत्ता गमावलेल्या मळेवाल्यांसाठी होती आणि त्या मालमत्तेत गुलामही मोजले गेले. १८३८ मध्ये रक्कम ९ कोटींवर आणण्यात आली, तरी पहिल्या हप्त्यासाठीच हैतीला फ्रेंच बँकांकडून कर्ज काढावे लागले होते. त्यातून निर्माण झालेले देणे विसाव्या शतकापर्यंत चालू राहिले. अमेरिकेने हैतीला मान्यता दिली ती १८६२ मध्ये, स्वतःच्या यादवी युद्धाच्या काळात.